समुद्रकांठचे खडक आणि त्यांचीं छायाचित्रें

सावदा हें केळीच्या बागांचें गांव. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेस तापी, आणि या दोहोंच्या मध्यें काळीभोर, कसदार जमीन. येथें विहीर खणूं लागलें तर कित्येक हात खोल मातीच माती लागते. समुद्र तर येथून सरळ रेषेंत दोनशें मैलांवर. तापीचें पाणी तेवढें नित्य त्याच्या भेटीस जातें आणि सुरतेजवळ त्याला मिळतें. अशा गांवांतील एखाद्या तरुणानें समुद्रकांठच्या खडकांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद घेतला, तर घरांतील वडील मंडळी त्याला सहज विचारतील, ‘अरे, देवाचा फोटो काढावा, माणसांचा काढावा, दगडाचा फोटो काय काढायचा? दगड काय आपल्या सातपुड्यांत थोडे आहेत?’

श्रोतेहो, हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाहीं. दगड बोलत नाहीं, हालत नाहीं, त्याला मुद्रा नाहीं. मग त्याचें चित्र घेऊन हातीं काय येतें? शिवाय तें घेण्यासाठीं रात्रीची झोंप मोडावयाची, पैसा खर्चावयाचा, आणि प्रसंगीं जिवालाहि जपावयाचें. एवढा खटाटोप करावयाचा तर त्याचें कांहीं कारण असलें पाहिजे. तें कारण खडकाच्या इतिहासांत आहे, समुद्राच्या कारागिरींत आहे, आणि छायाचित्र या वस्तूच्या स्वभावांतहि आहे.

प्रथम खडकाचा इतिहास. सावद्याची काळी माती आणि कोंकणचा काळा कातळ हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस मुख्यतः लांबच लांब भेगांवाटे वर आला आणि थरावर थर असा पसरत गेला. त्या थरांचा आज शिल्लक असलेला विस्तार सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतो, आणि सह्याद्रींत त्यांची एकंदर जाडी हजारों फूट आहे. धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांत ज्या भेगांतून तो रस वर चढला, त्यांपैकीं पुष्कळ भेगांत तो तसाच गोठून राहिला. भोंवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर त्या गोठलेल्या भेगा काळ्या भिंतींसारख्या उभ्या राहिल्या, आणि आज त्या माळरानांतून मैल मैल सरळ गेलेल्या दिसतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला बेसाल्ट म्हणतात. आपला गवंडी त्याला नुसता ‘काळा दगड’ म्हणतो. हाच काळा दगड ऊन, वारा व पाऊस यांनीं कुजला, त्याची माती झाली; ती माती तापीनें व तिच्या उपनद्यांनीं वाहून आणली आणि सावद्याच्या शिवारांत अंथरली. केळीचा घड जिच्यावर पोसतो ती माती म्हणजे एके काळचा अग्नि आहे.

खानदेशांत हा खडक मातीच्या गोधडीखालीं निजलेला आहे. कोंकणाच्या किनाऱ्यावर मात्र समुद्र दिवसांतून दोनदां ती गोधडी ओढून काढतो. तेथें माती टिकत नाहीं, झाडझुडूप रुजत नाहीं, आणि खडकाचें अंग सदैव उघडें व धुतलेलें राहतें. म्हणून ज्या खानदेशी मनुष्याला आपल्या भूमीची अस्थि पाहावयाची असेल, त्यानें एकदां तरी समुद्रकांठीं जावें. परक्या मुलुखांतील गंमत पाहावयास तो जात नाहीं. आपल्याच घराचा पाया तो पाहावयास जातो, असें म्हटलें तरी चालेल.

यासाठीं पुष्कळ जागा आहेत. पण एका दिवसांत पुरेसें पाहावें आणि पाहिलेलें चांगलें टिपावें असें एखादें स्थळ निवडावयाचें झाल्यास हरिहरेश्वराचें नांव घ्यावें लागेल. हें क्षेत्र रायगड जिल्ह्यांत, श्रीवर्धन तालुक्यांत, सावित्री नदीच्या मुखाजवळ आहे. श्रीवर्धन हें पेशव्यांचें मूळ गांव आणि हरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत. सावद्याहून एका दिवसांत तेथें जाऊन येणें शक्य नाहीं, हें उघड आहे. भुसावळाहून रात्रीच्या गाडीनें मुंबई, तेथून कोंकण रेल्वेनें माणगांव, आणि पुढें वळणावळणांचा मोटाररस्ता, एवढा प्रवास त्याच्या वांट्यास येतो. परंतु श्रीवर्धनास मुक्काम केल्यावर हरिहरेश्वर हें खरोखर एका दिवसाचें काम आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळींस तर तें याहूनहि सोपें आहे.

देवळामागें टेंकडी आहे. काळभैरवाचें व हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन यात्रेकरू टेंकडीला प्रदक्षिणा घालावयास निघतो. पायऱ्या चढून वर गेल्यावर कड्याची एक उभी फट लागते आणि त्या फटींतून पायऱ्या एकदम खालीं समुद्राकडे उतरतात. दोन्ही बाजूंस काळे कडे, वर आकाशाची चिंचोळी पट्टी, समोर पाण्याचा लखलखाट. मैदानांत वाढलेल्या मनुष्याचा पाय तेथें आपोआप थबकतो. खालीं उतरल्यावर डाव्या-उजव्या हातास समुद्रानें कापून काढलेला रुंद कट्टा पसरलेला असतो. प्रदक्षिणेची वाट या कट्ट्यावरून टेंकडीला वळसा घालून परत देवळाकडे जाते. भरतीच्या वेळीं ही वाट पाण्याखालीं जाते. म्हणजे देवाची प्रदक्षिणा येथें समुद्राच्या परवानगीनें करावी लागते.

आतां समुद्राची कारागिरी पाहूं. तो कट्टा कसा झाला? लाट कड्याच्या पायथ्यावर आपटते तेव्हां ती नुसतें पाणी आणीत नाहीं. वाळू, गोटे व शिंपल्यांचे तुकडे हीं तिचीं हत्यारें होत. शिवाय खडकाच्या चिरेंत शिरलेली हवा पाण्याच्या माऱ्याखालीं दाबली जाते आणि पाणी मागें हटतांच फुटून बाहेर पडते. हा दाब आणि ही सुटका दिवसांतून हजारों वेळां चालते. चीर रुंदावते, पायथ्याशीं खोबण पडते, वरचा भाग आधारावांचून लोंबकळतो आणि एके दिवशीं कोसळतो. कडा असा मागें मागें सरकतो, आणि तो जेथें पूर्वीं उभा होता तेथें सपाट कट्टा उरतो. हा कट्टा म्हणजे कड्याच्या माघारीचा नकाशाच म्हणावयाचा.

कट्ट्यावर ठिकठिकाणीं गोल खळगे असतात. त्यांत पाणी साचतें, कधीं एखादा लहानसा मासा किंवा खेंकडा अडकून राहतो. खळग्याच्या तळाशीं बहुधा एकदोन गोटे सांपडतात. तेच खळगा कोरणारे कामगार. पाणी भोंवऱ्यासारखें फिरलें कीं गोटा फिरतो, आणि जात्यानें जसें दळावें तसा तो खडक दळतो. ही क्रिया समजण्यासाठीं समुद्रच पाहिजे असें नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांतील निघोज येथें कुकडी नदीनें आपल्या पात्रांत याच रीतीनें मोठमोठाले रांजण कोरले आहेत, आणि ते पाहावयास लांबून लोक येतात.

याहून नाजुक काम कड्याच्या उभ्या अंगावर दिसतें. तेथें खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखीं भोंकेंच भोंकें पडलेलीं असतात. पाहणाराला वाटतें कीं हें लाटांनीं केलें. पण या भोंकांचा मुख्य कारागीर मीठ आहे. लाटेचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, ऊन पडलें कीं पाणी उडून जातें आणि मिठाचे स्फटिक वाढतात. वाढणाऱ्या स्फटिकाला जागा हवी असते. ती तो खडकाचे कण ढकलून मिळवितो. पुनः तुषार, पुनः ऊन. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागून गिलावा सुटतो, तो प्रकार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना समुद्राची ही रीत निराळी समजावून सांगावयास नको. ओल जेथें अधिक वेळ राहते तेथें खाच अधिक खोल होते, आणि खोल खाचेंत ओल आणखी अधिक वेळ राहते. म्हणून एकदां पडलेलें भोंक वाढतच जातें आणि मधल्या भिंती जाळीसारख्या उरतात.

या दख्खनी खडकांत आणखीहि कांहीं वाचतां येतें. रस थिजतांना त्यांत अडकलेले वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले, आणि पुढें त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरले. दोन थरांच्या मध्यें कधीं कधीं तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. खालचा थर थंड झाल्यावर वरचा थर येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत झिजलेल्या मातीची ती खूण होय. पुस्तकांतील दोन प्रकरणांच्या मध्यें कोरी जागा असावी तसा हा पट्टा असतो. आणि रस सावकाश व सारखा थंड झाला तर तो आकसून त्याचे उभे, बहुकोनी खांब पडतात. मुंबईंत अंधेरीला गिल्बर्ट हिल नांवाची टेंकडी अशाच खांबांची आहे. कर्नाटकांत मालपे बंदरासमोर सेंट मेरी बेटांवर समुद्राच्या पाण्यांत उभे असलेले खांब तर भारतभर प्रसिद्ध आहेत. तो खडक मात्र दख्खनच्या थरांचा नव्हे. मादागास्कर भारतापासून अलग झालें त्या अधिक जुन्या काळाशीं त्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात.

इतकें समजल्यावर छायाचित्र घ्यावयास निघालेल्या मनुष्याची दृष्टि बदलते. त्याला आतां ‘सुंदर देखावा’ एवढेंच नको असतें. कोणती गोष्ट दाखवावयाची हें तो आधीं ठरवितो: खळगा, खोबण, जाळी, कीं दोन थरांमधला तांबडा पट्टा. आणि मग पहिलें साधन म्हणून तो कॅमेऱ्याला हात लावीत नाहीं. तो पंचांग उघडतो.

याचें कारण असें. भरती-ओहोटी चंद्राच्या अंमलाखालीं आहेत. कोंकणांतील जुन्या माणसांचा हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. तीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारीं ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा या तिथींना दुपारीं बाराच्या आंतबाहेर भरती, आणि पहांटे व दिवेलागणीस ओहोटी. हा नियम स्थूल आहे, त्यांत अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. म्हणून निघण्यापूर्वीं छापील भरतीपत्रक पाहिलेंच पाहिजे आणि गांवच्या कोळ्यांस विचारलेंच पाहिजे. परंतु दिवस निवडण्यास हा हिशेब उत्तम उपयोगी पडतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी पुष्कळ चढतें आणि तितकेंच खालीं उतरतें. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा असतो. त्याला भांग म्हणतात. कट्टा पुरता उघडा पाहावयाचा तर उधाणाचे दिवस चांगले, पण खुद्द पौर्णिमेला ओहोटी अंधार पडतां पडतां येते. उलट अष्टमीला ओहोटी दुपारीं असते, पण त्या वेळीं ऊन डोक्यावर असतें आणि पाणीहि फारसें उतरत नाहीं. म्हणून त्रयोदशी ही तिथि साधावी. तेराची पाऊणपट पावणेदहा. त्या सुमारास किंवा थोडी उशिरा भरती होते, आणि दुपारीं चार-साडेचाराच्या दरम्यान पाणी तळ गांठतें. पाणी बरेंच मागें हटलेलें, ऊन कलतें, आणि परतावयास उजेड शिल्लक. एकादशीचा उपास सोडून दुसऱ्या दिवशीं निघणाऱ्या यात्रेकरूस ही तिथि आपोआपच साधते.

उन्हाची दिशा हा यांतील दुसरा विचार. कोंकणचा किनारा पश्चिमाभिमुख. सकाळीं सूर्य डोंगराआडून येतो, म्हणून कड्याचें समुद्राकडील अंग बराच वेळ सावलींत राहतें. मध्यान्हीं ऊन सरळ खालीं पडतें आणि सर्व खडक सपाट पाटीसारखे दिसतात. तिसरा प्रहर उलटल्यावर ऊन तिरकें येऊं लागतें. भिंतीशेजारीं दिवा धरला असतां गिलाव्यांतील प्रत्येक उंचवटा जसा उठून दिसतो, तसा मग खडकाचा प्रत्येक कंगोरा दिसूं लागतो. मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी या तिरक्या उन्हावांचून चित्रांत कधींच नीट उतरत नाहीं. कारण तेथें चित्र खडकाचें नसतें, सावल्यांचें असतें.

यंत्राविषयीं थोडेंच सांगितलें तरी पुरे. आज ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाईल आहे आणि त्यांत कॅमेरा आहे. मोठ्या यंत्रावांचून कोणाचें अडत नाहीं. परंतु यंत्र कोणतेंहि असो, काळा ओला खडक व पांढरा फेंस हीं एकाच चौकटींत आलीं कीं तें गोंधळतें. काळा खडक पुष्कळ असेल तर यंत्राला वाटतें, उजेड कमी आहे. तें अधिक उजेड घेतें, आणि फेंसाच्या जागीं नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून फेंसाला जपून उजेड थोडा कमीच घ्यावा. काळोख पुढें उजळतां येतो, पण जळून गेलेला पांढरा रंग परत मिळत नाहीं. लाटेचा तुषार थेंबाथेंबानें दाखवावयाचा असल्यास सेकंदाचा पांचशेंवा भाग इतका अल्प वेळ घ्यावा. तिपाई लावून सेकंद-दोन सेकंद उजेड घेतला तर तेंच पाणी धुक्यासारखें होतें. तें दिसावयास रम्य असतें. पण खडक घासणारें पाणी तें नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें. भिंगावर खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्यानें पुसूं नयेत; मिठाचा कण कांचेला ओरखडा पाडतो. गोड्या पाण्यांत भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानें आधीं टिपावें.

आणि येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हरिहरेश्वराच्या त्या कट्ट्यावर माणसें दगावलेलीं आहेत. त्यांत पोहणारे होते, न पोहणारे होते. समुद्र हा भेद पाळीत नाहीं. नदीकांठीं वाढलेल्या मनुष्याची समजूत अशी असते कीं, पाणी वाढावयाचें तर तें हळूहळू, दिसत दिसत वाढेल. तापीचा पूरहि पायरी पायरीनें चढतो. समुद्राची लाट तशी नसते. दहा लाटा एका उंचीच्या येतात आणि अकरावी गुडघाभर अधिक येते. केव्हां येईल याचें वेळापत्रक नाहीं. चित्र घेणाऱ्याचा डोळा यंत्रांत असतो, मन चौकटींत असतें आणि पाठ बहुधा पाण्याकडे असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं घात होतो. म्हणून नियम थोडे पण कडक असावेत. ओहोटी पुरी होण्याआधीं उतरावें आणि पाणी फिरलें कीं निघावें, मग हवें तें चित्र मिळालेलें असो वा नसो. एकट्यानें जाऊं नये; एकानें चित्र घ्यावें, दुसऱ्यानें समुद्राकडे पाहात उभें राहावें. हिरवट शेवाळाच्या खडकावर पाय देऊं नये. पावसाळ्यांत त्या वाटेचें नांवहि काढूं नये. गांवचा कोळी ‘आज नको’ म्हणाला तर वाद न घालतां परतावें. खडक उद्यांहि तेथेंच असणार आहे.

‘खडक उद्यांहि तेथेंच असणार आहे’ हें वाक्य समुद्रापुरतें खरें आहे. माणसापुढें तें खरें ठरत नाहीं. अंधेरीच्या ज्या टेंकडीचा उल्लेख वर आला, तिच्या परिसरांतील खडक खडीसाठीं फुटत गेला. मधला सुमारें दोनशें फूट उंचीचा सुळका तेवढा राहिला, आणि त्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे. २००७ सालीं मुंबई महानगरपालिकेनें त्याला वारशाचा दर्जा दिला. समुद्राला जें करावयास हजारों वर्षें लागतात तें सुरुंगाला एका मोसमांत साधतें. आणि जो खांब फुटून रस्त्याखालीं गेला तो कसा होता, हें आतां केवळ एखाद्या जुन्या चित्रावरूनच कळूं शकतें. छायाचित्राचा स्वभाव म्हणून ज्याचा उल्लेख आरंभीं केला, तो हाच. छायाचित्र हा साक्षीदार आहे. वस्तु गेल्यावर त्याच्या साक्षीला किंमत येते.

याचें सर्वांत मोठें उदाहरण सावद्याच्या अगदीं शेजारीं आहे. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं होत. त्या काळीं चित्र घेणें म्हणजे हमालीच होती. कांचेवर ओलें रसायन पसरावयाचें, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच यंत्रांत घालावयाची आणि सुकण्यापूर्वींच अंधारांत नेऊन धुवावयाची. तंबू, बाटल्या, पाणी, कांचा असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. त्याच सुमारास मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल हा अधिकारी अजिंठ्यास राहात होता. १८४४ सालीं त्याची तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली होती, आणि वर्षांमागून वर्षें त्यानें तें काम केलें. त्याच्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकीं बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेलीं असतां १८६६ सालच्या डिसेंबरांत लागलेल्या आगींत जळून गेलीं.

वीस वर्षांचें काम एका आगींत गेलें. परंतु गिलनें पुढच्या काळांत छायाचित्रणहि हातीं घेतलें होतें. लेण्यांचीं त्यानें घेतलेलीं चित्रें जेम्स फर्ग्युसन या विद्वानाच्या लिखाणासह १८६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं; त्यामुळें तीं आगीच्या आधींच घरोघर, ग्रंथालयोग्रंथालयीं पोहोंचलीं होतीं. खांब कोठें ढळला होता, दरवाजापुढें माती किती सांचली होती, कडा कसा होता, हें आज त्या चित्रांवरून सांगतां येतें. गिल १८७९ सालीं वारला आणि त्याचें थडगें भुसावळ येथें आहे. सावद्याहून भुसावळास जाणारी माणसें रोज शेंकड्यांनीं जातात. खडकाच्या छायाचित्राचा अर्थ काय, याचें उत्तर त्यांच्या वाटेवरच आहे.

मात्र साक्षीदारानें नांव, गांव व वेळ सांगितली नाहीं तर न्यायालय त्याची साक्ष धरीत नाहीं. चित्राचेंहि तसेंच. नुसता सुंदर खडक, खालीं कांहीं लिहिलेलें नाहीं, असें चित्र दहा वर्षांनीं घेणाऱ्यालाहि ओळखूं येत नाहीं. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर पांच गोष्टी लिहून ठेवाव्या: जागा, तारीख व तिथि, घड्याळाची वेळ, यंत्राचें तोंड कोणत्या दिशेला होतें ती दिशा, आणि मोजमाप. मोजमापासाठीं चौकटींत एखादी पट्टी, छत्री किंवा सोबतचा मनुष्य उभा असावा. नाहींतर वीतभर खळगा आणि पुरुषभर रांजण चित्रांत सारखेच दिसतात. अशीं चित्रें दरवर्षीं त्याच जागेवरून, त्याच तिथीला घेतलीं तर कडा किती मागें सरला, कोणता दगड ढांसळला, कोणत्या बाजूस खडी फोडणारांचा हात लागला, हें पुढच्या पिढीला दाखवितां येईल. शाळेंतील मुलांनीं हें काम हातीं घेतलें तर त्यांना भूगोल निराळा शिकवावा लागणार नाहीं.

ज्यांना समुद्र गांठणें शक्य नाहीं त्यांनीं हिरमुसण्याचें कारण नाहीं. चाळीसगांवचे केकी मूस यांनीं १९८९ सालीं देह ठेवला. आयुष्याचीं कितीएक दशकें ते आपल्या घराबाहेर फारसे पडलेच नाहींत. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंवर उजेडाची योजना करून त्यांनीं निसर्गदृश्यांचा भास उभा केला, आणि त्या चित्रांनीं त्यांचें नांव देशोदेशीं नेलें. उजेड कोठून आला म्हणजे वस्तु काय बोलते, हें ज्याला समजलें त्याला घरच्या वरवंट्यावरहि अभ्यास करतां येतो. एखाद्या संध्याकाळीं जात्याची टांकी लावलेली तळी दिव्याच्या तिरक्या उजेडांत ठेवून पाहावी. कोंकणच्या कड्याचा पहिला धडा तेथेंच मिळतो.

दुसरा धडा अजिंठ्यास. सावद्याहून तेथें एका दिवसांत जाऊन परत येतां येतें. वाघूर नदीनें घोड्याच्या नालासारखी जी दरी कापली आहे, तिचें पाणी लेण्यांच्या शेवटीं कड्यावरून कुंडाकुंडांतून खालीं उतरतें. तेथें थर दिसतात, खळगे दिसतात, कापलेला कडा दिसतो. समुद्रानें जें आडवें केलें तें येथें नदीनें उभें केलें आहे, एवढाच भेद. बहुतेक प्रवासी लेण्यांतील चित्रें पाहून परततात आणि ज्या खडकानें तीं चित्रें दीड-दोन हजार वर्षें पोटांत सांभाळलीं, त्याच्याकडे मान वळवून पाहात नाहींत.

तेव्हां वडील मंडळींच्या त्या प्रश्नाला उत्तर देतां येईल. दगडाचा फोटो यासाठीं काढावयाचा कीं, तो दगड आपल्या शेताचा पूर्वज आहे; यासाठीं कीं, समुद्र त्याच्यावर काय लिहितो तें एकाच्या डोळ्यानें पाहून दहांना वाचतां यावें; आणि यासाठीं कीं, उद्यां तो नसला तर तो होता असें सांगणारें कोणी तरी असावें. वाघूरचें पाणी तापीला मिळतें, तापी सावद्याच्या शिवाराजवळून समुद्राकडे जाते, आणि जातांना अजिंठ्याच्या व सातपुड्याच्या खडकाचा थोडासा गाळ रोज बरोबर नेते. त्रयोदशीच्या तिसऱ्या प्रहरीं कोंकणच्या कट्ट्यावर उभा राहिलेला सावद्याचा तरुण जेव्हां खळग्यांतील वाळू मुठींत घेईल, तेव्हां तिच्यांतील काळे कण त्यानें जरा निरखून पाहावेत. ते त्याला अगदींच अनोळखी वाटणार नाहींत.